ग्रिफीचं नाव, सातशे कोऱ्या जागा आणि एक बटन सेल

बेसबॉलचा एक जुना व्हिडिओ गेम सुरू करा आणि त्यात सिएटलचा संघ निवडा. पडद्यावर खेळाडूंची यादी येते आणि तिच्यात एकच नाव खरं असतं: केन ग्रिफी ज्युनिअर. बाकी सगळी बनावट. समोर कुठलाही संघ घ्या, तिथेही तेच. पण त्या बनावट नावांमागची माणसं मात्र खरी आहेत. कोण डावखुरा, कोण पळायला चपळ, कोणाच्या फटक्यात दम, हे सगळं मेजर लीग या अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंवरून घेतलंय.

'केन ग्रिफी ज्युनिअर प्रेझेंट्स मेजर लीग बेसबॉल' ही सुपर निन्टेन्डो या गेम कन्सोलची १९९४ सालची कॅसेट. मँचेस्टरच्या सॉफ्टवेअर क्रिएशन्सने बनवली, निन्टेन्डोने विकली. तीस वर्षं उलटली तरी हा गेम खेळायला बसलेला माणूस लवकर उठत नाही, आणि त्यात त्या एका खऱ्या नावाचा मोठा हात आहे. डब्यावर स्टारचं नाव छापणं म्हणजे एरवी जाहिरात. इथे त्या नावामुळे गेमची घडणच वेगळी झाली. एक जागा भरलेली, बाकीच्या कोऱ्या, आणि त्या भरायचं काम खेळणाऱ्याकडे.

हे लिहितोय ते मुख्यतः आपल्याकडच्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या पोरापोरींसाठी. अमरावती, यवतमाळ, वर्धा, बुलडाण्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांमुळे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल गावागावांत माहीत आहेत. पिचर, कॅचर, स्ट्राइक, बेस हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. क्रिकेटवाल्या गावात बेसबॉलचा गेम कोण खेळणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तालुक्याच्या मैदानावर सॉफ्टबॉलची मॅच बघावी.

तर नावं बनावट का? अमेरिकेत दोन वेगवेगळे परवाने लागतात. संघांची नावं, बोधचिन्हं, मैदानं यांचा हक्क मेजर लीग बेसबॉलकडे. खेळाडूंची नावं एकगठ्ठा वापरायची तर परवाना खेळाडूंच्या संघटनेकडून घ्यावा लागतो. निन्टेन्डोकडे पहिला परवाना होता, दुसरा नव्हता. ग्रिफीशी मात्र त्यांचा स्वतंत्र करार होता. म्हणून बोस्टनची ती प्रसिद्ध उंच हिरवी भिंत गेममध्ये आहे, संघांचे रंग आहेत, आणि माणूस म्हणून एकटा ग्रिफी आहे. याच्या बरोबर उलट उदाहरण म्हणजे टेंगेन कंपनीची 'आर.बी.आय. बेसबॉल'. तिच्याकडे खेळाडू संघटनेचा परवाना होता पण लीगचा नव्हता. त्यामुळे खेळाडू खरे, आणि संघांना नुसती शहरांची नावं. एकूण दहाच संघ: आठ शहरांचे, दोन ऑल-स्टार.

तालुक्याच्या नेट कॅफेत 'क्रिकेट ०७' खेळलेल्यांना हा प्रकार नवा नाही. तिथे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची नावं बरोबर होती आणि आपल्या संघाची मोडतोड केलेली. मग पोट्टे पेन ड्राइव्हवर रोस्टर (खेळाडूंच्या याद्या) आणून खरी नावं बसवायचे. कारण तेच, परवाना.

स्टारचं नाव लावलेले बेसबॉल गेम ढिगाने आहेत. रेजी जॅक्सन, टॉमी लासोर्डा, नोलन रायन, कॅल रिपकेन, बो जॅक्सन, रॉजर क्लेमेन्स, फ्रँक थॉमस, सगळ्यांच्या नावाने निघाले. त्यांतले काही तर जपानी गेमवर नवं लेबल चिकटवलेले आहेत. 'नोलन रायन्स बेसबॉल' जपानमध्ये 'सुपर स्टेडियम' होती. नाव बदललं तरी आतला गेम तोच. क्रिकेटमध्येही हे झालंय: १९९६ साली जो गेम इंग्लंडमध्ये ब्रायन लाराच्या नावाने विकला, तोच ऑस्ट्रेलियात शेन वॉर्नच्या नावाने. नाव खऱ्या अर्थाने कामी आलं अशा गेमांमध्ये मी १९८७ची 'अर्ल वीव्हर बेसबॉल' पहिली धरतो. वीव्हर हे बाल्टिमोरचे मॅनेजर. बनवणाऱ्यांनी त्यांच्यासमोर बसून, कोणत्या वेळी पिचर बदलायचा, कोणत्या वेळी बंट करायचा (म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवायचा), हे विचारून घेतलं आणि त्यावरून संगणकाची बुद्धी रचली. ग्रिफीच्या गेममध्ये असं काही नाही. तिथे गंमत वेगळी आहे.

ती समजायला तारखा बघाव्या लागतात. १९९२ साली निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या पुढाकाराने सिएटल मरिनर्स हा संघ विकत घेतला गेला. त्या संघाचा सेंटर फील्डर, म्हणजे मधल्या मैदानाचा क्षेत्ररक्षक, ग्रिफी तेव्हा २२ वर्षांचा. १९९३ साली त्याने सलग आठ सामन्यांत होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून जुन्या विक्रमाची बरोबरी केली आणि हंगामाअखेर ४५ होम रन केले. १९९४च्या मार्चमध्ये गेम बाजारात आला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला आणि उरलेला हंगाम वर्ल्ड सीरिज या अंतिम लढतीसकट रद्द झाला. ग्रिफी तेव्हा १११ सामन्यांत ४० होम रनवर होता. खऱ्या मैदानावर तो हंगाम पुरा झालाच नाही. गेममध्ये मात्र १६२ सामन्यांचा पूर्ण हंगाम आहे, आणि तो शेवटपर्यंत नेता येतो. ४० होम रनवर थांबलेल्या त्या माणसाला पुढे नेण्याचं काम घराघरांत बसलेल्या पोरांनी केलं. पुढे त्याने कारकीर्दीत ६३० होम रन मारले आणि २०१६ साली ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात गेला.

आता कोऱ्या जागांकडे येऊ. गेममध्ये नाव बदलायची सोय आहे आणि बदललेलं नाव कॅसेटमध्ये जपून राहतं. मेजर लीगमध्ये तेव्हा २८ संघ, प्रत्येक संघात २५ जण. म्हणजे खरी नावं बसवायची तर ७०० नावं, ग्रिफीचं सोडून ६९९. एका बैठकीत होणारं काम नाही. खरा खेळाडू ओळखायची रीत अशी: १९९३च्या हंगामाची संघवार आकडेवारी समोर घ्यायची आणि तीन खुणा ताडून बघायच्या. फलंदाजीची सरासरी, होम रन, आणि डावखुरा की उजवा. सॅन फ्रान्सिस्कोचा डावखुरा, .३३६ सरासरी, ४६ होम रन म्हणजे बॅरी बॉन्ड्स. टोरोंटोचा डावखुरा .३६३वाला जॉन ओलेरूड. शिकागो व्हाइट सॉक्सचा उजवा, ४१ होम रन, फ्रँक थॉमस. मोठी नावं अशी झटक्यात सापडतात. अडतं ते राखीव खेळाडूंपाशी, कारण पाच-सात होम रनवाले एका संघात चार-चार असतात. तिथे खेळायची जागा बघायची. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि कॅचर ओळखले की बाकीचे आपोआप उरतात.

पण सगळी अमेरिकेची नावं भरायची सक्ती थोडीच आहे? सिएटल तसंच ठेवा, आणि एका संघात आपल्या शाळेच्या सॉफ्टबॉल संघातली नावं टाका. अक्षरं इंग्रजीच आहेत आणि जागा मोजकी, त्यामुळे नुसतं आडनाव बसवावं. जागा कोणाला कुठली द्यायची हे स्वभावावरून ठरवा: जी खरोखर पळते तिला जास्त वेगाच्या खेळाडूची जागा द्यायची. मग गेममधली ती धावली की बघणाऱ्यांना वेगळं समजावावं लागत नाही. मला विचाराल तर हाच या कॅसेटचा सगळ्यात चांगला उपयोग.

एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या. प्रत्येक संघाची यादी भरून झाली की पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. २८ संघांचे फोटो एका फोल्डरमध्ये. का, ते पुढे येतंय.

भरलेली नावं राहतात कॅसेटच्या आत एका छोट्या मेमरी चिपमध्ये, आणि तिला चोवीस तास थोडी वीज लागते. गेम बंद असताना ती वीज देतो एक बटन सेल, सीआर २०३२. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. संगणकाच्या मदरबोर्डवर असतो तोच. हा सेल पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त चालतो. पण कॅसेट १९९४ची आहे. आज हातात आलेल्या कॅसेटमधला सेल मूळचा असेल तर तो कधीही दगा देऊ शकतो. ताण (व्होल्टेज) मोजायचा मल्टिमीटरने: नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो, २.५च्या खाली आला की बदलायची वेळ. साधारण २ व्होल्टच्या खाली चिप विसरते. अर्धवट काही राहत नाही, नावं आणि हंगाम दोन्ही एकदम जातात.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. गरमीत सेलची झीज वाढते आणि चिपही जास्त वीज खाते. मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश, आणि टिनाच्या छताखाली माळ्यावर ठेवलेल्या डब्यात त्याहून जास्त. कॅसेट माळ्यावर ठेवू नका. खालच्या खोलीत, मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात किंवा लाकडी कपाटात, जमिनीपासून हातभर वर, बस.

सेल बदलायची कृती सांगतो. सामान: ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (कॅसेटचे दोन स्क्रू साध्या पेचकसने निघत नाहीत), २५ ते ३५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४०चा सोल्डर वायर, सोल्डर ओढून घ्यायची तांब्याची जाळी, आणि पत्त्या झाळलेला सीआर २०३२. दुकानात 'टॅबवाला सेल' म्हणून मागा. बिनपत्तीचा सेल आणून त्यावर थेट सोल्डरचा डाग देऊ नका. लिथियम सेलला तेवढी उष्णता लागली की तो फुगतो, फुटूही शकतो. सीआर २०२५ दिला तर परत करा. रुंदी तीच दिसते, पण जाडी २.५ मिलिमीटर आणि साठा कमी.

आधी फोटो आहेत ना, याची खात्री करा, कारण सेल निघाला की सगळं पुसलं जाणार. काही जण बदलताना बाहेरून दोन पेन्सिल सेलची ३ व्होल्ट वीज जोडून नावं वाचवतात. पहिल्यांदा करणाऱ्याला मी ते सांगणार नाही. तार उलटी लागली तर चिपच जाते. नावं पुन्हा भरता येतात, चिप मिळत नाही.

कॅसेट उघडली की हिरव्या पट्टीच्या एका कोपऱ्यात सेल दिसतो. अधिक-उणे कुठे आहे याचा फोटो काढा. पट्टीवरही अधिकची खूण छापलेली असते. आयर्न तापू द्या, टोक ओल्या फडक्यावर पुसा. आणि इथे आपल्या घरांपुरती एक खास गोष्ट: गावात बऱ्याच घरांना नीट अर्थिंग नसतं, स्वस्त आयर्नच्या टोकाला टेस्टर लावला तर तो पेटतो. तेवढी गळतीची वीज चिपला पुरेशी आहे. आयर्न पूर्ण तापलं की पिन भिंतीतून काढा आणि मगच टोक लावा. एका डागाला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढी उष्णता टोकात उरते. जुना सोल्डर जाळीने ओढून घ्या, पत्ती सुटली की दुसरी. पत्ती हिसका देऊन ओढू नका. पट्टीवरचं तांब्याचं वर्तुळ तिच्यासोबत निघून येतं आणि मग तार टाकून जोडावं लागतं.

नवा सेल बसवा, अधिक अधिकावर, दोन्ही डाग द्या. चांगला डाग चकचकीत असतो आणि कडेने पत्तीवर चढलेला दिसतो. मळकट, गोळी झालेला डाग म्हणजे आतून सुटा. बंद करण्याआधी मल्टिमीटरने डागावरच ताण मोजा, सेलवर नाही. सेलवर ३.२ आणि डागावर कमी आलं तर डाग कच्चा आहे. मग एक नाव बदला, गेम बंद करा, कॅसेट काढून ठेवा, रात्र जाऊ द्या. सकाळी नाव जागेवर असेल तरच उरलेली भरायला घ्या.

कॅसेट चालतच नसेल तर सेलचा संबंध नाही. सेल मेलेला असला तरी गेम चालतो, फक्त जपत नाही. काळा पडदा किंवा चौकटी-चौकटीचं चित्र आलं तर दोष बहुतेक दातांचा. कॅसेटच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर काळपट थर बसतो. कापूस घरात भरलेला असतो त्या दिवसांत तर बारीक तंतू कन्सोलच्या खाचेत जाऊन बसतात आणि दातांमध्ये अडकतात. फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरीसोबत थुंकीचा ओलावा जातो, क्षणभर गेम लागतो, आणि महिन्याभरात दातांवर हिरवे ठिपके दिसतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. कापसाच्या काडीला ते लावून दात उभे पुसा, वरून खाली. पहिली काडी काळी निघते, दुसरी करडी, तिसरी बहुधा पांढरी. काडी पांढरी निघेपर्यंत पुसायचं, मग दहा मिनिटं वाळू द्यायचं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल नको, प्लास्टिक खातं. सँडपेपर तर अजिबात नको; सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, तो एकदा खरवडला की खालचं तांबं दरवर्षी गंजणार.

कूलर. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय खोली नाही, आणि नेमका टीव्ही कूलरच्या झोतासमोर असतो. वाळ्यातून येणारी ती हवा ओली असते आणि बोअरचं पाणी जड असेल तर तिच्यात क्षारही येतात. कन्सोल झोताच्या बाजूला सरकवा, समोर ठेवू नका. खेळून झालं की कॅसेट काढून खाचेवर सुती फडकं टाका.

वीज हा याहून मोठा मामला. अमेरिकेतून कोणी सुपर निन्टेन्डो आणला असेल तर त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे. आपल्या २३० मध्ये लावला की जळतो, काही सेकंदांत. जपानमध्ये विकलेल्या सुपर निन्टेन्डोचा, म्हणजे सुपर फॅमिकॉमचाही तसाच, १०० व्होल्टचा. कन्सोलला हवं असतं १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर. ९ व्होल्टवर तो नीट चालतो. जुन्या निन्टेन्डोचा, म्हणजे एनईएसचा अडॅप्टर एसी देतो, तो सुपर निन्टेन्डोला लावू नका.

बाजारातून घ्यायचा तर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला हलका एसएमपीएस अडॅप्टर घ्या, ९ व्होल्ट, किमान १ अँपिअर. सुपर फॅमिकॉमला मधली पिन उणे लागते, आणि आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर मधली पिन अधिकचे. लावण्याआधी मल्टिमीटरने बघा. अमेरिकन कन्सोलचं तोंडच वेगळं असतं, त्याला जोडतार लागते. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात पडलेला असतो, तो लावायचा मोह टाळा. आतला ७८०५ हा भाग येणारा ताण ५ व्होल्टवर आणतो आणि वरचा सगळा उष्णतेत घालवतो. कन्सोल अर्धा-पाऊण अँपिअर घेतो. ९ व्होल्टवर अडीच-तीन वॅटची उष्णता, १२ वर पाच वॅटच्या आसपास. मे महिन्यात तो भाग तेवढं सोसत नाही.

लोखंडी गाभ्याचा जड अडॅप्टर का नको, तेही सांगतो. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातला ताण १७०पर्यंत उतरतो. जड अडॅप्टरचे ९ मग साडेसहाच होतात. ७८०५ला कमीत कमी ७ हवेत. चित्रात आडव्या रेषा सरकायला लागतात, मग गेम आपोआप रिसेट होतो. अनेकांना वाटतं कॅसेट खराब झाली, आणि ते दात घासत बसतात. मोटारी बंद झाल्यावर गेम नीट चालला तर दोष विजेचा समजा.

ही कॅसेट आणि कन्सोल आपल्याकडे विरळाच. बहुतेकांसाठी रस्ता म्हणजे जुना लॅपटॉप किंवा मोबाइल आणि त्यावर रेट्रोआर्कसारखा एम्युलेटर (जुन्या कन्सोलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर). स्वतःकडच्या कॅसेटमधून कार्ट रीडर या कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने गेम आणि सेव्ह दोन्ही काढून घेता येतात. इथे सेल नाही, म्हणून नावं जाणार नाहीत असं वाटतं. जातात, आणि दोन वाटांनी जातात.

पहिली वाट: लाइन जाणे. गेममध्ये नाव जपलं की ते एम्युलेटरच्या तात्पुरत्या मेमरीत जातं. डिस्कवरच्या .एसआरएम फाइलमध्ये ते लिहिलं जातं गेम नीट बंद केल्यावर. मधेच वीज गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली तर तासाभराची नावं गेली. सेटिंग्जमध्ये सेव्हिंगखाली 'सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल' आहे, तो १० सेकंदांवर ठेवा. मोबाइलवरही हेच करा, कारण मागे गेलेलं ॲप मोबाइल कधीही मारून टाकतो.

दुसरी वाट जास्त लोकांना नडते. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाचा पूर्ण ठसा, आणि त्यात कॅसेटची मेमरीही असते. सोमवारी स्टेट घेतली, मंगळवारी पन्नास नावं भरली, बुधवारी सोमवारची स्टेट उघडली, तर पन्नासही नावं सोमवारसारखी होतात. मग गेम बंद केला की तीच जुनी यादी फाइलमध्ये लिहिली जाते. त्याच सेव्हिंगच्या यादीत स्टेट उघडताना सेव्हरॅमवर लिहू नये असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. त्याहून सोपं: नावं भरायच्या दिवसांत स्टेटला हातच लावू नका, आणि .एसआरएम फाइलची एक प्रत रोज स्वतःला पाठवून ठेवा. फाइल काही किलोबाइटचीच असते.

ज्यांच्याकडे जत्रेतून किंवा बाजारातून आणलेला आठ बिटचा टीव्ही गेम आहे, त्यांच्या 'इतक्या-इतक्या इन वन' कॅसेटमध्ये निन्टेन्डोची १९८३ची 'बेसबॉल' बरेचदा असते. सहा संघ, कोणाचंच नाव नाही, नुसती अक्षरं. फील्डर आपोआप पळतात, आपल्याकडे फक्त फेकणं. पण एक गोष्ट तिथेच शिकून घ्यावी: बटणांचा अधिकचिन्ह म्हणजे मैदान. उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली होम. पिचिंगला खाली दाबलं तर वेगवान, वर दाबलं तर संथ, बाजूला दाबलं तर वळणारा. या जातीच्या बहुतेक गेममध्ये फेकायला हाच नकाशा आहे. बोटांना तो बसला की पुढचं सोपं.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांनी दोन फरक लक्षात ठेवायचे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूला बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये तो आधीच दोन-चार पावलं पुढे उभा राहतो. म्हणून पिचर फलंदाजाकडे न टाकता बेसकडे फेकू शकतो. गेममध्ये संगणकाचा चपळ धावपटू पहिल्या बेसवर असेल तर एखादा थ्रो तिकडे टाकून बघा. दुसरं अंतर: सॉफ्टबॉलचे बेस ६० फुटांवर, बेसबॉलचे ९०. मैदानावरच्या सवयीने 'हा पोहोचेल' म्हणून धाडलेला खेळाडू इथे बाद होतो.

फटका लागत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. जुन्या डब्बा टीव्हीवर बटण आणि चित्र यांत जवळपास फरक नसतो. नव्या एलईडी टीव्हीवर चित्र मागे राहतं, कधी ५० ते १०० मिलिसेकंद. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे तीन ते सहा चित्रांचा उशीर. वेगवान चेंडूला तेवढ्यात फटका हुकतो. टीव्हीत गेम मोड चालू करा, ब्लूटूथ कंट्रोलरऐवजी तारेचा घ्या, रेट्रोआर्कमध्ये लेटन्सीखाली रन-अहेड (उशीर कमी करणारी सोय) १ ठेवून बघा. कीबोर्डवर खेळत असाल तर तीन बटणं एकदम दाबून बघा. स्वस्त कीबोर्ड तिसरं बटण घेतच नाहीत. मग दिशेची बटणं तीच ठेवून फटक्याचं बटण दुसऱ्या कोपऱ्यात हलवा.

उशीर किती उरलाय ते मोजायला गेममधली होम रन डर्बी, म्हणजे नुसते होम रन मारायची स्पर्धा, चांगली. ग्रिफी निवडा, आपल्याला जसं दिसतं तसे वीस फटके मारा आणि चेंडू कुठे जातो ते कागदावर मांडा. तो डावखुरा आहे. लवकर मारलं तर चेंडू उजवीकडे जातो, उशिरा मारलं तर डावीकडे. वीसपैकी पंधरा डावीकडे फाउल गेले तर हात बरोबर आहेत, चित्र उशिरा पोहोचतंय. एक सेटिंग बदला आणि पुन्हा वीस मारा. खुणा मधल्या मैदानाकडे सरकायला लागल्या की तेच सेटिंग ठेवायचं. उजव्या फलंदाजावर हे तपासत असाल तर बाजू उलट धरा.